परड्यातील भाजी : आधी रोपे सांभाळा



भाताची कापणी-झोडणी आटोपली, तुळशीचे लग्न लागले, की धामापुरात घरोघरी वांगी-मिरचीचे बी मातीत पडते. पण शिमग्याला पाहावे तर पुष्कळ परडी मोकळीच. मग बेळगाव-कोल्हापूरकडून गाडीने आलेली भाजी पैसे मोजून घ्यावी लागते. असे का होते? बहुतेक ठिकाणी रोपे वाफ्यातच गेलेली असतात. म्हणून या पत्रकात रोपांविषयीच सांगतो.

बी पारखून घ्या. घरचे बी असो वा विकतचे, २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फडके सुकू देऊ नका. माठ, मुळा, चवळी यांना चार-पाच दिवसांत मोड येतात. वांगी-मिरचीला आठ-दहा दिवस लागतात. १५ किंवा जास्त दाणे उगवले तर बी चांगले. १० सुद्धा उगवले नाहीत तर त्या बियाण्याचा नाद सोडा. संकरित जातीच्या फळाचे बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, त्याचे पीक एकसारखे येत नाही. मिरचीची ‘कोकण कीर्ती’ आणि चवळीची ‘कोकण सदाबहार’ या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आपल्या हवामानासाठीच काढलेल्या आहेत.

गादीवाफा करा. सपाट जमिनीत बी फोकू नका. भरपूर ऊन मिळेल अशा जागी ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच वाफा करा. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी हात पोचतो, वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. कच्चे शेण घालू नका. आपल्याकडे पातेरा टाकून वाफा भाजण्याची रीत आहे. त्याने वरचे तणाचे बी मरते हे खरे, पण मातीतला कुजका पालाही जळतो, आणि आपल्या तांबड्या मातीत तो आधीच कमी. वांगी, मिरची, टोमॅटोचे बी १० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत, एक सेंटिमीटरच खोल पेरा. वर चाळलेले खत भुरभुरा आणि गवताने झाका. पहिले कोंब दिसताच गवत काढा. उशीर झाला तर रोपे लांबट व पांढरी पडतात.

पाणी बेताने द्या. आपल्या गावचा तलाव १५३० सालचा, २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला. अशा पाण्याच्या गावात रोप तहानेने क्वचितच मरते, जास्त पाण्याने मात्र हमखास मरते. माझेच सांगतो. पहिल्या वर्षी मी कामावरून आल्यावर रोज संध्याकाळी वाफा भिजवायचो. आठवड्यात अर्धी रोपे बुडाशी कुजून आडवी झाली. रात्रभर ओल राहिली की बुरशीला रान मोकळे मिळते. तेव्हा पाणी सकाळी, झारीने, आणि वरची माती सुकल्यावरच द्या. बी दाट पेरू नका. पेरण्यापूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. किलोला ५ ग्रॅम, म्हणजे घरच्या पुडीला चिमूटभर पुरे.

मर रोग ओळखा. फुलावर आलेले हिरवेगार वांगे दोन दिवसांत मान टाकते, ते पाणी घालूनही उठत नाही. अशा झाडाचा बुडाजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात दुधासारखी धार खाली उतरली तर तो जिवाणूंचा मर रोग. झाड मुळासकट उपटून जाळा, खताच्या खड्ड्यात किंवा पाटात टाकू नका. त्या जागी निदान दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची लावू नका; मका, चवळी, माठ घ्या. रोपाचा वाफाही तिथे नको, आणि तिथले पाणी वाहून येते अशा उतारावरही नको. टोमॅटोची ‘अर्का रक्षक’ ही संकरित जात या रोगाला पुष्कळ तोंड देते.

लावणी करा. टोमॅटोची रोपे चार आठवड्यांनी, वांगी-मिरचीची पाच-सहा आठवड्यांनी लावणीला येतात. त्याआधी चार दिवस पाणी कमी करा, म्हणजे रोप काटक होते. काढण्यापूर्वी मात्र वाफा भिजवा, मुळे तुटत नाहीत. लावणी उन्हे उतरल्यावर करा, पहिले तीन दिवस चुडताची सावली द्या. वांग्याला ६० सेंटिमीटर अंतर ठेवा.

माठ व मुळ्याला रोपवाटिका नको. माठाचे बी बारीक, ते वाळूत मिसळून थेट पेरा. सगळे एकदम न पेरता दर पंधरवड्याला एकेक वाफा पेरा, म्हणजे भाजी सतत मिळेल.

रोपे बिघडलीच तर एक रोप मुळासकट ओल्या कागदात गुंडाळून कृषी कार्यालयात घेऊन या. नुसत्या सांगण्यावरून रोग कळत नाही. यंदा एकच वाफा करा, पण नीट करा. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी येतील, तेव्हा त्यांच्या पानात वांग्याची भाजी आपल्या परड्यातली पडू दे.