पिंपातली झाडं किती विषारी?

झाडाला पळता येत नाही, म्हणून ते विष बनवतं. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस एम्स आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हिशेब मांडला होता: अमेरिकी माणसाच्या जेवणातून पोटात जाणाऱ्या कीडनाशक रसायनांपैकी वजनाने ९९.९९ टक्के रसायनं झाडांनी स्वतःच तयार केलेली असतात! त्यातली बहुतेक आपण बिनघोर पचवतो. पण काहींच्या बाबतीत ‘झाडपाल्याचंच तर आहे’ हा भरवसा अंगाशी येतो.

आधी कडुनिंबाचं कौतुक. १९५९ साली सुदानवर टोळधाड आली. आजूबाजूचं हिरवं फस्त झालं, कडुनिंब तेवढे टिकले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी ते पाहिलं आणि पुढे कडुनिंबाचाच ध्यास घेतला. निंबोळीतलं मुख्य द्रव्य अझाडिरेक्टिन. त्याने कीड लगेच मरत नाही; तिचं खाणं सुटतं, कात टाकणं अडतं. उंदरांना वजनाच्या किलोमागे ५,००० मिलिग्रॅम देऊनही ते मारक ठरलेलं नाही. रेणू इतका किचकट, की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत घडवायला २२ वर्षं लागली. २००७ साली जमलं. उन्हात मात्र तो लवकर विरतो. म्हणून निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करावी. तोवर मधमाश्याही पोळ्यात परतलेल्या असतात.

एवढा गुणी कडुनिंब, तरी त्याचं तेल बाळाला कधीही पाजू नका. घरगुती औषध म्हणून ते पाजल्यावर मलेशियात तान्ह्या मुलांना उलट्या, गुंगी आणि झटके आले. यकृत आणि मेंदूवर परिणाम होऊन मृत्यूही झाले.

आता तंबाखू. निकोटिन किडीच्या मज्जातंतूंवर जिथे घाव घालतं, तिथेच ते माणसाच्याही घालतं. शिवाय ते कातडीतून शिरतं: दवाने भिजलेली तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते ती त्यामुळेच. भारतात निकोटिन सल्फेट वापरायला बंदी आहे. पण फवारणीसाठी घरी उकळलेल्या ‘अग्निअस्त्र’ नावाच्या अर्कात तंबाखू असते, आणि त्यात निकोटिन किती उतरलं हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नसतो. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ते पातेलं उघड्या हातांनी उतरवणाऱ्या, तोच अर्क पाठीवरच्या पंपातून फवारताना अंगावर घेणाऱ्या माणसाची.

दहा झाडांचा पाला पिंपात भिजवून शेतकरी कीड मारायला दशपर्णी अर्क करतात. त्या पाल्याची यादी एकदा नीट वाचा. निंब, निर्गुंडी, करंज यांच्या शेजारी कण्हेर असते. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हृदयाची लय बिघडवतं, पोटात गेलं तर जीवही घेतं. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर बुबुळाला सूज येऊन नजर धुरकट होते. पाला कुटताना हातमोजे आणि चष्मा हवाच. अर्क कधीही शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका.

सीताफळाचा पालाही त्याच पिंपात. बियांची पूड उवांवर लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि ती पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेले रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. या बियांतली द्रव्यं पेशीत ऊर्जा तयार करणारी एक कडी अडवतात. नेमकी तीच कडी डेरिस वेलीच्या मुळांतलं रोटेनोन अडवतं. मासे गुंगवायला हे मूळ पूर्वापार वापरात होतं आणि सेंद्रिय बागायतदारांनीही रोटेनोन कित्येक दशकं विश्वासाने वापरलं. मग २००० साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उंदरांना ते सतत टोचल्यावर त्यांच्यात पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली. आज संशोधक हा आजार उंदरांत मुद्दाम निर्माण करण्यासाठी रोटेनोनही वापरतात.

वेखंड तर घराघरातलं. धान्यातली कीड त्याने आटोक्यात राहते, कारण त्यातलं बीटा-असारोन किडीची प्रजननक्षमता मारतं. तेच द्रव्य असलेलं वेखंडाचं तेल खाण्यातून दिल्यावर उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला मनाई केली. बाळाला उगाळून चाटवण्याआधी हे माहीत असायला हवं.

पायरेथ्रम या शेवंतीच्या जातभाईचं विष किडीला क्षणात लोळवतं, उन्हात विरतं, माणसाला फारसं बाधत नाही. माशांना मात्र ते अतिशय घातक आहे. तळ्याकाठी, ओढ्याकाठी नको.

आणि एरंड. बियांतलं रिसिन अतिजहाल, तरी एरंडेल आपण निर्धास्त घेतो, कारण रिसिन पाण्यात विरघळतं, तेलात उतरत नाही. ते मागे राहतं पेंडीत. पुरेशी उष्णता दिली तर निकामी होतं. कच्चं राहिलं तर नाही. बागेत खत म्हणून टाकलेली अशी पेंड खाऊन कुत्री मेली आहेत. पोतं आणलंत तर ते कुत्र्यांच्या आणि गुरांच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, आणि पेंड मातीवर पसरून न ठेवता खाली पुरा.