तूप-साईचे लाड आणि कुत्र्याचे स्वादुपिंड

घरात मटणाचा बेत झाला की उरलेली चरबी आणि रस्सा कुत्र्याच्या ताटलीत जातो. दिवाळीत शंकरपाळी-चिवडा, एरवी दुधावरची साय आणि तूप लावलेली पोळी. सणासुदीनंतरच्या दोन-तीन दिवसांत उलट्या करणारी कुत्री माझ्या दवाखान्यात हमखास येतात. बऱ्याच जणांचे साध्या औषधाने भागते. काहींना मात्र स्वादुपिंडाचा दाह, म्हणजे पॅन्क्रिएटायटिस, झालेला असतो. हा आजार प्राणावरही बेतू शकतो.

स्वादुपिंड ही जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीला लागून असलेली ग्रंथी. अन्न पचवणारे रस ती तयार करते. हे रस एरवी आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतात. दाह झाला की ते आतल्या आत ग्रंथीलाच पचवू लागतात. प्रत्येक वेळी कारण सापडतेच असे नाही. परंतु एकदम पोटात गेलेले तेलकट-तुपकट खाणे, लठ्ठपणा आणि रक्तातील वाढलेली चरबी यांमुळे धोका वाढतो.

वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, मरगळ आणि पोटाला हात लावू न देणे ही मुख्य लक्षणे. काही कुत्री पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरतात. ते खेळणे नव्हे, पोटदुखी असते. अशा वेळी घरगुती उपाय करू नयेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत; आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा होते. रक्ततपासणी व सोनोग्राफीने निदान होते. सलाईन, वेदनाशामक आणि उलटी थांबवणारी औषधे द्यावी लागतात.

पूर्वी अशा कुत्र्याला तीन-चार दिवस उपाशी ठेवत. आता उलट्या आटोक्यात येताच थोडे थोडे खाणे सुरू करतात. मऊ शिजवलेला भात आणि कातडी-चरबी काढलेली, नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडीच्या छातीची बोटी द्यावी. शाकाहारी घरात भातासोबत साय काढलेल्या दुधाचे ताक, सोसत असेल तर, चालते. तेल, तूप, मीठ, मसाला नको. कांदा, लसूण आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात. एकदम भरपेट न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडे द्यावे.

खरी कसोटी कुत्रे बरे झाल्यावर लागते. एका घरातली सात वर्षांची पॉमेरेनियन आठ महिन्यांत तीनदा सलाईनवर आली. पथ्य काटेकोर पाळतो, असे घरची मंडळी सांगत. तिसऱ्या खेपेस आजीच म्हणाल्या, "डॉक्टर, नुसता भात तिच्या घशाखाली उतरत नाही हो, म्हणून चमचाभर तूप घालते." त्यांचा जीव होता तिच्यावर. मी तिचे खाणे पूर्णपणे आजींकडेच सोपवले आणि तुपाऐवजी उकडलेला लाल भोपळा कुस्करून घालायला सांगितला. त्यानंतर वर्षभर तिला त्रास झाला नाही.

म्हणून पथ्य घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि कामाच्या मावशींनाही, समजावून सांगावे. वारंवार त्रास होणाऱ्या कुत्र्याला कमी चरबीचा आहार जन्मभर लागतो. मात्र केवळ भात-कोंबडीवर महिनोन्‌महिने ठेवल्यास कॅल्शियमसारखी द्रव्ये कमी पडतात. डॉक्टरांकडून आहार ठरवून घ्यावा. तयार कोरडे खाद्य घेताना पाकिटावरचे स्निग्धांशाचे प्रमाण वाचावे. ते साधारण १० टक्क्यांच्या आत असावे. लठ्ठ कुत्र्याचे वजन हळूहळू उतरवावे. पुन्हा दोन-तीन उलट्या झाल्या आणि त्याने खाणे सोडले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे.