मत्स्यालयातील गढूळ पाणी

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या घरांत एक अनुभव पुष्कळदा येतो. टाकी नवी असते. वाळू, पाणवनस्पती आणि मासे यथास्थित मांडलेले असतात. आणि तीन-चार दिवसांनी पाणी दुधाळ होऊन मासे अस्पष्ट दिसू लागतात. अशा वेळी टाकी रिकामी करून, आतील प्रत्येक वस्तू घासून धुऊन, नळाचे ताजे पाणी भरण्याकडे साहजिकच कल होतो. पाणी त्या दिवसापुरते नितळ होते. परंतु कित्येकदा मासे त्या नितळ पाण्यातच मरतात. असे का घडते हे समजण्यासाठी नितळपणा व शुद्धता यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे.

पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण प्रकाशकिरणांना निरनिराळ्या दिशांना विखुरतात. म्हणूनच पाणी गढूळ दिसते. उलटपक्षी, पाण्यात पूर्णपणे विरघळलेला रंगहीन पदार्थ डोळ्यांना दिसत नाही. मिठाचे पाणी नितळच दिसते. अमोनियासारख्या विषाचे पाणीही नितळच दिसते.

दिल्ली शहराने या भेदाचा कटू अनुभव घेतलेला आहे. १९५५ साली यमुनेचा प्रवाह बदलल्यामुळे नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. पाणी गाळून व त्यात क्लोरिन मिसळूनच शहराला पुरवले जात होते. तरीही १९५५-५६ च्या हिवाळ्यात सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. या रोगाचा विषाणू डोळ्यांना दिसणारा नव्हता. पिण्याच्या पाण्याची परीक्षा जशी केवळ डोळ्यांनी होत नाही, तशीच मत्स्यालयाचीही होत नाही.

गढूळपणाचे कारण ओळखण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. टाकीतील पाणी काचेच्या पेल्यात घेऊन स्थिर ठेवावे. पाणी तळाकडून वर नितळत गेले आणि तळाशी काहीच साचले नाही, तर ते हवेचे बारीक बुडबुडे होत; नळातून दाबाने आलेल्या पाण्यात ते नेहमी आढळतात. काही तासांनी तळाशी थर साचला, तर ती नीट न धुतलेल्या वाळूची धूळ होय. पाणी हिरवे असेल, तर त्यात एकपेशीय शेवाळ वाढले आहे, आणि टाकीवर पडणारे ऊन व पाण्यातील खतासारखी द्रव्ये ही त्याची कारणे आहेत. मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी जसेच्या तसे दुधाळ राहिले, तर ते बहुधा जीवाणूंचे काम समजावे.

माशांनी न खाल्लेले अन्न व माशांची विष्ठा यांवर हे जीवाणू झपाट्याने वाढतात. ते स्वतः सहसा माशांना रोग करीत नाहीत. परंतु पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात. शिवाय कुजणाऱ्या अन्नातून आणि माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. जुन्या टाकीत या अमोनियाचा बंदोबस्त दुसरे जीवाणू करतात. त्यांतील काही अमोनियापासून नायट्राइट बनवतात, तर काही नायट्राइटपासून बरेच कमी विषारी असे नायट्रेट बनवतात. हे कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखवले. दोन्ही पायऱ्या एकटाच पार पाडणारा जीवाणूही असतो, हे २०१५ साली सिद्ध झाले.

हे उपकारक जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर चिकटून राहतात आणि सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. दिल्लीच्या थंडीत त्याहून अधिक काळ लागतो. टाकी घासून धुतली की ही वस्ती नष्ट होते आणि अमोनिया पुन्हा साचू लागतो. नितळ पाण्यातील मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

दिल्ली व तिच्या परिसरात आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिन जंतूंना मारण्यासाठी असतो. तो माशांच्या कल्ल्यांना व उपकारक जीवाणूंनाही अपाय करतो. मोकळा क्लोरिन, पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्यास, बराचसा उडून जातो. परंतु अनेक हिवाळ्यांत वझिराबादजवळ यमुनेच्या पाण्यात अमोनिया वाढलेला आढळला आहे. अमोनिया व क्लोरिन यांच्या संयोगाने क्लोरामाइन बनते, आणि ते असे सहज उडत नाही. त्यासाठी छायाचित्रणात ‘हायपो’ या नावाने परिचित असलेल्या सोडियम थायोसल्फेटचा, किंवा त्यापासून बनवलेल्या तयार औषधाचा, वेष्टनावरील प्रमाणात उपयोग करावा.

या भागातील विंधनविहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी कठीण असते. पाणी अल्कधर्मी असल्यास अमोनिया अधिक घातक ठरतो: २५ अंश सेल्सियसला, पीएच ७ वरून ८ वर गेल्यास त्याच्या विषारी रूपाचे प्रमाण सुमारे नऊपटीने वाढते. उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. मे-जूनमध्ये पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर हवेचा पंप त्वरित सुरू करावा.

उपाय साधे आहेत. दुधाळ पाणी दिसताच एक-दोन दिवस अन्न बंद ठेवावे; पुढे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. तळाचा कचरा नळीने ओढून घ्यावा. एका वेळी चौथाई पाणीच बदलावे, आणि नवे पाणी क्लोरिनमुक्त व टाकीइतक्याच तपमानाचे असावे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. हिरव्या पाण्याची टाकी उन्हातून हलवावी. तुरटी मात्र वापरू नये; ती कण तळाशी बसवते, पण पाण्याची आम्लता वाढवते, आणि विरघळलेले ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधते. मासे एकदम पुष्कळ न आणता थोडेथोडे आणावेत, आणि बाजारात मिळणाऱ्या चाचणी-द्रवांनी अमोनिया व नायट्राइट वेळोवेळी तपासावे.

शाळेतील मत्स्यालयासाठी एक वही ठेवणे उपयुक्त ठरेल. तीत विद्यार्थ्यांनी रोज पाण्याचे तपमान, दिलेले अन्न, पाण्याचा रंग व चाचणीचे आकडे लिहावेत. सहा आठवड्यांच्या नोंदी पाहिल्यावर अमोनिया प्रथम चढतो, तो उतरू लागताना नायट्राइट चढतो, आणि शेवटी दोन्ही शून्याकडे येतात, असे सामान्यतः दिसून येईल. पाणी खरोखर केव्हा शुद्ध झाले, हे या आकड्यांवरून ठरवता येते.