ऋतूंची चाहूल

मुलांनो, मे महिना संपत आला की तुमच्या घरी कोणती गडबड सुरू होते? जुनी छत्री दुरुस्तीला जाते. अम्मी गच्चीवर पापड वाळत घालते. कोकणात तर लोक घर शाकारतात, जळाऊ लाकडे कोरड्या जागी रचतात आणि तांदूळ, डाळी, सुकी मासळी भरून ठेवतात. याला आगोटीची बेगमी म्हणतात. पाऊस अजून आलेला नसतो, पण माणसे त्याच्या तयारीला लागलेली असतात.

आता कल्पना करा, वर्षभर हवा एकसारखीच राहिली तर?

सिंगापूर हा असाच देश आहे. तो विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्याचे किरण वर्षातून काही महिने उत्तर गोलार्धावर, तर काही महिने दक्षिण गोलार्धावर अधिक सरळ पडतात. म्हणून ऋतू बदलतात. विषुववृत्ताजवळ हा फरक फार थोडा जाणवतो. सिंगापूरला वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत दहा मिनिटांचेही अंतर नसते. तिथे बाराही महिने उकाडा असतो आणि दर महिन्याला पाऊस पडतो.

तिथल्या लोकांना थंडीसाठी गोधडी काढावी लागत नाही. छत्री मात्र वर्षभर जवळ ठेवावी लागते. स्थानकाकडे जाणाऱ्या अनेक पायवाटांवर छप्पर असते. ते उन्हातही उपयोगी पडते आणि पावसातही. त्यांच्या शाळा जानेवारीत सुरू होतात. आपल्याकडे नवी पुस्तके आणि पहिला पाऊस जूनमध्ये बरोबरच येतात.

आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसावर वर्षभराचे पाणी अवलंबून असते. १९७२ साली पाऊस पुरेसा पडला नाही आणि महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. म्हणूनच एका ऋतूत मिळालेले दुसऱ्या ऋतूसाठी राखून ठेवण्याची आपली रीत आहे. बरणीतले लोणचे, कणगीतले धान्य आणि शेततळ्यातले पाणी आपल्याला हेच सांगतात.

सिंगापूरमध्ये दर महिन्याला पाऊस पडतो, तरीही तिथे पावसाचे पाणी जलाशयांत जपून साठवतात. मग चार महिन्यांच्या पावसावर जगणाऱ्या आपण नळ उघडा ठेवून कसे चालेल?