मॅरेथॉननंतरची विश्रांती

टिटवाळ्याहून पहाटेची आसनगाव लोकल धरून माहुलीच्या डोंगरवाटांवर पळायला जाणारी तरुण मंडळी आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्यापैकीच एक तिशीतला तरुण जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी माझ्या दवाखान्यात आला. आदल्या दिवशी त्याने मुंबई मॅरेथॉनमधली ४२ किलोमीटर १९५ मीटरची पूर्ण शर्यत पहिल्यांदाच पुरी केली होती. स्टेशनचा पूल तो कसाबसा चढला, पण उतरताना मात्र कठडा धरून, आडवे पाऊल टाकत एकेक पायरी उतरावी लागली.

“डॉक्टर, माहुलीला मी चार-चार तास पळतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. मग या डांबरी रस्त्याने मला असं कसं झोपवलं?” त्याने विचारले. प्रश्न रास्त होता.

डोंगर वेगळा, डांबर वेगळे

डोंगरवाटेवर प्रत्येक पाऊल निराळे पडते. कधी माती, कधी दगड, कधी चढ, कधी उतार. त्यामुळे भार वेगवेगळ्या स्नायूंवर वाटला जातो. चढावर धाप लागली की माणूस आपोआप चालू लागतो आणि पायांना उसंत मिळते. सपाट रस्त्यावर धाप कमी लागते, म्हणून माणूस थांबत नाही. पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे ४० हजार पावले पडतात, तीही जवळजवळ एकाच तऱ्हेची. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. थोडक्यात, डोंगरावर आधी छाती दमते, रस्त्यावर आधी पाय.

या माऱ्याने मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंतील सूक्ष्म तंतू तुटतात. तिथे सूज येते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. पायरी उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. हे दुखणे बहुधा आठवड्याच्या आत आपोआप ओसरते.

गोळीचा धोका

हे सगळे ऐकून त्याला हायसे वाटले. मी मात्र विचारले, “लघवीचा रंग कसा आहे?”

“कोऱ्या चहासारखा,” तो म्हणाला. “पाणी कमी प्यालो असेन. बाकी दुखू नये म्हणून पळण्याआधी एक गोळी घेतली होती, आणि काल-आज मिळून तीन.”

त्याला मी लगेच रक्त-लघवी तपासायला पाठवले. स्नायू फार तुटले की त्यांतील लाल प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात अडकू शकते. त्यात घामाने शरीरातले पाणी कमी झालेले. अशा वेळी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. या तरुणाचे सीपीके बरेच वाढलेले होते आणि क्रिएटिनिनही वाढू लागले होते. दोन दिवस रुग्णालयात सलाइन द्यावे लागले. वेळेवर आला म्हणून मूत्रपिंडे सुखरूप राहिली.

मात्र हे वाचून कोणी उलट टोक गाठू नये. तहान नसताना भराभर साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. तहानेप्रमाणे प्यावे.

घरी काय करावे?

शर्यत संपताच मटकन बसू नये; दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चालावे. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ताक घ्यावे. तासा-दोन तासांत वरण-भात, उसळ, अंडी असे साधे जेवण घ्यावे. महागड्या पावडरींची गरज नाही. पहिले दोन-तीन दिवस तेल लावून जोराने रगडून घेऊ नये. रोज थोडे चालावे आणि भरपूर झोपावे. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र थांबू नका:

• लघवी काळपट होणे किंवा फार कमी होणे
• एकाच पोटरीला सूज येणे, ती गरम लागणे व दुखणे
• हाडावर एका ठरावीक जागी बोट ठेवताच कळ येणे
• छातीत दुखणे, दम लागणे
• उलट्या, तीव्र डोकेदुखी, असंबद्ध बोलणे

यांतील शेवटच्या दोन तक्रारी असल्यास तडक रुग्णालय गाठावे.

पुन्हा पळायचे केव्हा?

घरी आल्यावर चारच दिवसांनी हा तरुण पुन्हा दारात हजर. “आता काही दुखत नाही. रविवारी माहुलीला जाऊ?”

मी त्याला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस करायला सांगितले. सहाव्या वेळी मांड्या थरथरू लागल्या. दुखणे थांबले तरी दुरुस्ती संपलेली नसते. आतली झीज भरून यायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. थकलेली मांडी उतारावर तोल सावरू शकत नाही, आणि माहुलीच्या उतारावर पाय मुरगळला तर खाली आणायला चार माणसे लागतात.

सर्वसाधारणपणे पहिला आठवडा फक्त चालावे. दुसऱ्या आठवड्यात सपाट जागी थोडे हलके पळावे. डोंगराचे उतार तीन-चार आठवड्यांनंतर, सर्वांत शेवटी. ज्यांना गुंतागुंत झाली असेल त्यांनी तपासण्या पूर्ववत झाल्याखेरीज पळूच नये. त्यालाही मी तेच बजावले.

मार्चमध्ये तो भेटला तेव्हा स्वतःच म्हणाला, “डॉक्टर, शर्यतीसाठी मी चार महिने तयारी केली, पण नंतरच्या चार आठवड्यांचा विचारच केला नव्हता.” पुढच्या जानेवारीत धावणाऱ्यांनी हा विचार आधीच करून ठेवावा.