दिव्यांना नको, व्हीआरएमला पैसे द्या

१९९८च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर बाजारात आणला. वेग ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झची बस गुणिले साडेचार. ज्यांच्याकडे अ‍ॅबिट कंपनीचा बीएच६ हा मदरबोर्ड होता, त्यांनी बस थेट १००वर नेली आणि तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळू लागला. त्या वेळचा महागडा पेंटियम टू याच वेगाचा होता. यात प्रोसेसरइतकंच श्रेय बोर्डाचंही होतं. बस आणि व्होल्टेज बदलण्यासाठी जंपर उपसत बसायची गरज अ‍ॅबिटनं ठेवली नव्हती, सगळं बायोसच्या पडद्यावरून व्हायचं.

असं घबाड आता मिळत नाही. आजचे प्रोसेसर स्वतःच स्वतःला जमेल तितकं ताणतात. उदाहरणच घ्यायचं तर २०२२चा रायझन ५ ५६००. सहा कोअरचा हा प्रोसेसर ३.५ गिगाहर्ट्झपासून ४.४पर्यंत आपला आपण चढतो. त्यावर हातानं खटपट करून जे पदरात पडतं ते बहुतेकदा एक आकडी टक्क्यांतलं असतं. म्हणून बजेट बेताचं असेल, तर पहिला नियम असा: बोर्डावर जादा घातलेल्या पैशांत वरच्या पायरीचा प्रोसेसर येत असेल, तर तो प्रोसेसर घ्यावा. तरीही ओव्हरक्लॉकिंग करायचंच असेल (आणि ते करण्यात खरा आनंद आहे, हे मी मनापासून मानतो), तर बोर्ड पारखून घ्यायला हवा.

पहिली चाळणी चिपसेटची. इंटेलच्या बाजूला प्रोसेसरच्या नावात 'के' आणि बोर्डाच्या नावात 'झेड' असल्याशिवाय गुणक हलत नाही. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड, दोन्हीकडे जादा पैसे. एएमडीचं धोरण इथे उदार आहे. बी४५०, बी५५०, बी६५०, बी८५० या मधल्या फळीतल्या सगळ्या बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंग चालतं आणि रायझन मालिकेतले बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात (५८००एक्स३डी हा ठळक अपवाद, त्याचा गुणक कुलूपबंद आहे). ए५२० आणि ए६२० मात्र यासाठी बाद. आणि बी८४०पासून सावध राहा. नाव बी८५०च्या शेजारचं असलं, तरी त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. दुकानात घाईनं पाटी वाचताना एका आकड्याचा हा फरक सहज नजरेतून सुटतो.

चिपसेट ठरला की लोक थांबतात, आणि खरी निवड तिथूनच सुरू होते. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जे चौकोनी ठोकळे रांगेनं दिसतात ते चोक. त्यांच्यालगत हीटसिंकखाली मॉसफेट दडलेले असतात, जवळच कपॅसिटर असतात. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागणारे सव्वा व्होल्टच्या आसपास आणणं हे त्याचं काम. ऐकायला साधं वाटतं, पण हिशेब मांडून बघा. प्रोसेसर १०० वॅट ओढत असेल, तर सव्वा व्होल्टला ८० अ‍ॅम्पिअर प्रवाह लागतो. घरात गीझरसाठी बसवतो तो मोठा सॉकेट १६ अ‍ॅम्पिअरचा असतो. तशा पाच सॉकेटांचा पूर्ण प्रवाह या बोटभर पट्टीतून, अखंड, धक्का न लागता गेला पाहिजे.

आता हा ८० अ‍ॅम्पिअरचा भार चार फेजमध्ये (एक चोक आणि त्याचे मॉसफेट मिळून एक फेज) वाटला, तर प्रत्येकीच्या वाट्याला २० येतात. आठ फेजमध्ये वाटला, तर १०. तारेतून वाहताना तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विसाचा वर्ग ४००, गुणिले चार म्हणजे १६००. दहाचा वर्ग १००, गुणिले आठ म्हणजे ८००. सुटे भाग सारख्याच दर्जाचे धरले, तर या प्रकारची उष्णता निम्म्यावर येते. मॉसफेट सतत चालू-बंद होताना वाया जाणारी वीज वेगळी आणि ती फेज वाढवून कमी होत नाही. तरीही फेजच्या आकड्याला एवढं महत्त्व का देतात, ते यावरून कळावं.

पण खोक्यावरच्या '८+२'वर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही बोर्डांवर चोक आठ असतात, पण त्यांना चालवणारे संकेत चारच, एकेक संकेत दोघांत वाटलेला. हे प्रत्येक वेळी वाईट असतं असं नाही, फक्त ते आठ स्वतंत्र फेज नव्हेत. उलटंही घडतं. एमएसआयचा २०१९चा बी४५० टॉमहॉक मॅक्स बघा. प्रोसेसरसाठी फेज चारच, पण प्रत्येक फेजमध्ये मॉसफेट दुप्पट आणि वर भरीव हीटसिंक. त्या काळातल्या कमी बजेटच्या याद्यांत तो सतत वरच्या जागी असायचा, आणि तो मान रास्त होता. पैसे बेताचे असतील, तर मी फेज मोजण्याआधी हीटसिंक बघेन. ज्या बोर्डाचे मॉसफेट उघडेच आहेत, तो ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊ नये. हीटसिंकवर नुसतं प्लॅस्टिकचं झाकण आहे की धातूला खरोखर खाचा पाडल्या आहेत, हेही निरखून बघा.

व्होल्टेजची किंमत किती चढी असते, तेही लक्षात घ्या. समजा ४.४चा प्रोसेसर ४.६वर न्यायचा आणि त्यासाठी १.२ व्होल्टचे १.३ करावे लागले. वेग वाढला साडेचार टक्के. वीज मात्र वेगाबरोबर आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, ती जवळजवळ २३ टक्क्यांनी चढते. हा सगळा बोजा पुन्हा त्याच पट्टीवर.

आपल्याकडे यात हवामानाची भर पडते. परदेशी परीक्षणांतले व्हीआरएमच्या तापमानाचे आकडे साधारणपणे गार, २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावात पंख्याखाली बसून गेम खेळणाऱ्याची खोली ४० अंशांच्या घरात जाते. खोली १५ अंशांनी तापली की व्हीआरएमही जवळपास तितकाच वर सरकतो. परीक्षणात ८५ अंश दिसणारा बोर्ड इथे शंभरी गाठेल. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ५६००च्या खोक्यात मिळणारा रेथ स्टेल्थ कूलर हवा खाली बोर्डावर फेकतो, त्यामुळे व्हीआरएमला आयता वारा मिळतो. तो काढून पाण्यावरचा कूलर लावला, तर प्रोसेसर गार होतो, पण सॉकेटभोवतीची ती झुळूक जाते. तेव्हा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पंखा हवाच, आणि त्यावरची धूळ दर काही आठवड्यांनी साफ व्हायला हवी.

बायोसकडेही बघायला हवं. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं आणि ते सावरण्यासाठी लोड लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. तिच्या पायऱ्या कंपनीगणिक उलट्या असतात. कुठे १ म्हणजे सर्वांत सौम्य, कुठे १ म्हणजे सर्वांत कडक. मॅन्युअल न वाचता दुसऱ्याचे आकडे उतरवून घेतले, तर प्रोसेसरला नको तितकं व्होल्टेज मिळू शकतं. बोर्डांवर ते आपोआप नीट ठरतं, असंही नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे प्रकार समोर आले, तेव्हा एएमडीनं बायोसमधून प्रोसेसरमधल्या एसओसी या भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यामुळे या सॉकेटचा जुना बोर्ड हाती आला, तर आधी बायोस अपडेट करा आणि मगच बाकीची खटपट.

प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येणारं फ्लॅशबॅकचं बटण असेल, तर त्यासाठी थोडे जादा पैसे द्यायला हरकत नाही. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर बसवताना ते उपयोगी पडतं. वायफाय, रंगीत दिवे, दुसरा लॅन पोर्ट, प्रोसेसरसाठीचा जादा चार पिनचा वीजजोड, यांतलं काहीही या बजेटमध्ये ओव्हरक्लॉकिंगला हातभार लावत नाही. आठ पिनचा एक जोड सहा-आठ कोअरच्या प्रोसेसरला पुरून उरतो.

रायझन ५०००पासून पुढे मी हातानं गुणक वाढवण्याआधी कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून बघायला सांगेन. त्यात प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं उतरवलं की प्रोसेसर त्याच विजेत जास्त वेळ वरच्या वेगावर राहतो, आणि स्वस्त बोर्डावरचा ताणही वाढत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, माल परत करायची मुदत आधी विचारून ठेवा आणि त्या मुदतीतच चाचणी उरका. प्राइम९५ किंवा ओसीसीटी अर्धा तास चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमचं तापमान बघा. काही स्वस्त बोर्डांवर तो सेन्सरच नसतो, म्हणून हेही विकत घेण्याआधी विचारायचं. खरेदी डिसेंबरात केली असेल, तर दिसलेल्या आकड्यात १५ अंश मिळवा. बेरीज शंभराच्या पुढे जात असेल, तर व्होल्टेज तिथूनच उतरवा.