एजंट खरं बोलतोय का? टोकन देण्याआधी मोबाईलवर तपासा या ५ गोष्टी

गेल्या वर्षी मी आणि बायकोने वाकडजवळ टू बीएचके शोधायला घेतला. एका प्रॉपर्टी अ‍ॅपवर नंबर टाकला आणि तासाभरात एजंट लोकांचे अकरा कॉल आले. आवडलेल्या फ्लॅटबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर, "सर, तो कालच गेला. दुसरा दाखवतो ना!"

शेवटी एक फ्लॅट पसंत पडला. किंमत ६२ लाख. एजंट म्हणाला, "सर, १,०५० स्क्वेअर फूट आहे. शेवटचे दोनच उरलेत, डिसेंबरला ताबा. आज ५१ हजार टोकन द्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत जाईल." बाबा एफडी मोडायला तयार झाले होते. मी फक्त एक रात्र मागून घेतली आणि फोन घेऊन बसलो. तेव्हा जे तपासलं, तेच इथे सांगतोय.

१. प्रोजेक्टचा नंबर: महाराष्ट्रात रेरा कायद्याखाली नोंदवलेल्या प्रोजेक्टचा नंबर 'पी' अक्षराने सुरू होतो. महारेराच्या वेबसाईटवर तो टाकून शोधा. वेबसाईटचा पत्ता जीओव्ही डॉट इन वर संपतोय ना, तेही बघा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला तरी हीच माहिती उघडते.

२. ताब्याची तारीख: बिल्डरने महारेराला काय तारीख दिली आहे ते तिथे दिसतं. आमच्या प्रोजेक्टची तारीख पुढच्या वर्षाच्या डिसेंबरची निघाली. म्हणजे एजंटने महिना बरोबर सांगितला होता, वर्ष नाही!

३. किती फ्लॅट विकले गेले: बिल्डरला दर तीन महिन्यांनी बुकिंगची माहिती अपडेट करावी लागते. 'शेवटचे दोन' म्हणे, आणि तिथे निम्म्याहून जास्त फ्लॅट शिल्लक दिसत होते.

४. कार्पेट एरिया: म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. विक्री कार्पेटवरच व्हायला हवी, पण एजंट जिना, लॉबी मिळवून मोठा आकडा सांगतात. आमच्या फ्लॅटचा कार्पेट होता फक्त ६८०. म्हणजे १,०५० ने भागलं तर दर साधारण ५,९०० रुपये, आणि ६८० ने भागलं तर ९,१०० च्या वर. दोन फ्लॅटची तुलना करताना नेहमी कार्पेटनेच भागा.

५. एजंटचा नंबर: एजंटलाही नोंदणी लागते. त्याचा नंबर 'ए' ने सुरू होतो आणि त्याच वेबसाईटवर तपासता येतो. मी मागितला तर म्हणाला, "सर, ऑफिसमधून पाठवतो." तो अजून आलेला नाही.

जुना, रीसेलचा फ्लॅट असेल तर तो बऱ्याचदा महारेरावर सापडत नाही. अशा वेळी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च वापरा. गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या भागातल्या नोंदवलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू दिसतात. शेजारचा फ्लॅट कागदावर कितीला गेला ते त्यात कळतं. भाव करताना हा आकडा फार कामाला येतो.

आणि एक लक्षात ठेवा. करारनामा करून तो नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

सगळेच एजंट वाईट नसतात. पुढे ज्याच्यामार्फत आम्ही घर घेतलं, त्याने पहिल्याच मेसेजमध्ये न मागता दोन्ही नंबर पाठवले होते. आता माझा नियम सोपा आहे: आधी नंबर, मग साईट व्हिजिट. आणि "आजच टोकन द्या" असं कोणी म्हणालं, तर त्याच रात्री फोन उघडून बसायचं.